वाट वाकडी करताना

कौन्सिलच्या वाटांच्या अधिकारी बाईंनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं. किल्ल्या, थर्मास, माझा मोबाइल. नकाशावर दोन काळ्या रेषा होत्या. जाड सलग रेषा म्हणजे बंद व्हायची वाट आणि तुटक रेषा म्हणजे तिच्या बदल्यात मिळणारी. सलग रेषा ‘ए’पासून ‘बी’पर्यंत शेतातून तिरकी, सरळसोट गेली होती आणि तिच्याखाली फिकट रंगात नव्या वसाहतीची घरं आखलेली होती. 33 नंबरच्या घरात ती मागच्या दाराने शिरून स्वयंपाकघरातून बाहेर पडत होती.

इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या या गावात मी गेली सोळा वर्षं राहते. गावाला पॅरिश कौन्सिल आहे, आपल्या ग्रामपंचायतीचं दूरचं आणि बरंच अशक्त भावंड. तिच्यासाठी वाटांवर लक्ष ठेवायचं बिनपगारी काम माझ्याकडे आहे. वाट दाखवणारा पिवळा बाण कुठे पडला, ब्लॅकबेरीच्या काट्यांनी कुठे वाट अडवली, नांगरटीनंतर शेतकऱ्याने ती चौदा दिवसांत पुन्हा मोकळी केली की नाही, हे चालत बघायचं आणि कळवायचं. तिरकी वाट माझ्या रोजच्या फिरण्यातली. त्यामुळे ती हलवण्याच्या या कामात मी तटस्थ नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

इथल्या पायवाटेची गंमत अशी, की जमीन एकाची आणि चालायचा हक्क सगळ्यांचा. मी दोन बॅगा घेऊन या देशात उतरले त्या दिवशी तो मलाही मिळाला. कोण, कुठली, कुणाकडे चाललात, असं वाटेवर कुणी विचारू शकत नाही. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी पाणंदीवरून आणि बांधावरून झालेली भांडणं ऐकत मी वाढले. तिथे बांधावरून रस्ता मागायचा तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा, आणि आधी आपली जमीन कोणती ते दाखवायचं. वाट शेतामागून येते. इथे ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही, तोही दुसऱ्याच्या गव्हातून हक्काने जातो.

हे काही आभाळातून पडलेलं नाही. 1932च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउटच्या खाजगी माळावर चालायचा हक्क मागत शेकडो माणसं मुद्दाम घुसली आणि त्यातली पाच तुरुंगात गेली. 1949च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला आपल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. त्या नकाशावर रेघ आली की वाट आहे हे कायद्याने सिद्ध झालं, मग ती पायाखाली दिसो वा न दिसो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा रस्त्यांची लांबी सुमारे 2,25,000 किलोमीटर भरते.

घरं बांधायची परवानगी मिळाली की वाट आपोआप हटली, असा पुष्कळांचा समज असतो. त्या शेतात घरं बांधणाऱ्या बिल्डरचाही होता. परवानगीनंतर महिन्याभरात त्याच्या माणसांनी शेताला लोखंडी जाळ्या लावल्या, आणि एका सकाळी स्टाइलपाशी, म्हणजे कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीपाशी, मला ‘प्रवेश बंद’ ही पाटी भेटली. मी फोटो काढला, बाईंना पाठवला. दुपारपर्यंत दोन जाळ्या बाजूला झाल्या. घरांची परवानगी वेगळी, वाटेचा आदेश वेगळा. 1990च्या नगररचना कायद्याच्या कलम 257 खाली पॅरिशच्या वरच्या कौन्सिलला तो स्वतंत्रपणे काढावा लागतो, आणि मंजूर झालेलं बांधकाम करण्यासाठी वाट हलवणं गरजेचं आहे याची खात्री करून घ्यावी लागते. घरं जवळपास बांधून झाली असतील तर हे कलम वापरताच येत नाही. त्यामुळे बिल्डरला घाई असते आणि बाईंना नसते.

आदेशाच्या मसुद्यावरच्या चर्चेत माझं एक पत्र गेलं. तुटक रेषेचा पहिला तुकडा वसाहतीच्या रस्त्याच्या फुटपाथवरून नेला होता. सरकारचं 2009चं मार्गदर्शन सांगतं, की पर्यायी वाट शक्यतो वसाहतीच्या रस्त्यावरून नेऊ नये, गाड्यांपासून दूर, मोकळ्या हिरव्या जागेतून न्यावी. फुटपाथवरून चालायला कुणाच्या हक्काची गरज आहे? पुढचा तुकडा तर दोन्हीकडच्या परसांच्या उंच फळ्यांमधला बोळ होता. अशा बोळात नोव्हेंबरच्या चार वाजता, काळोख पडत असताना, बाईमाणूस जाईल का, एवढंच मी विचारलं. सहा आठवड्यांनी सुधारलेला नकाशा आला. वाट पावसाच्या पाण्यासाठी खोदायच्या तळ्याच्या कडेने गेली होती आणि तिची रुंदी तीन मीटर लिहिली होती.

रुंदीचं मला हसू आलं. जुन्या वाटेच्या अधिकृत नोंदीत रुंदीच नव्हती. कुठून कुठे, एवढं एका ओळीत. आता मिटताना तिला एकेका मीटरचा मान मिळाला.

एका रविवारी मी दोन्ही वाटा पावलांनी मोजल्या. जुनी चारशे ऐंशी. नव्या वाटेच्या खुंट्या मारलेल्या होत्या, त्यांच्या मागून गेले तर सहाशे दहा. एकशे तीस पावलांसाठी भांडणारी मी नव्हे. पण परत येताना स्टाइलवर चढून उभी राहिले तेव्हा इतकी वर्षं पायांना ठाऊक असलेली गोष्ट डोळ्यांना दिसली. जुनी वाट थेट चर्चच्या मनोऱ्यावर रोखलेली होती. पलीकडच्या वाडीतली माणसं दर रविवारी मनोरा नाकासमोर धरून गेली असणार, म्हणून ती तिरकी. शेतं तिच्यापुढे वळली, कुंपणं तिच्यासाठी फुटली, ती सरळ राहिली. नव्या वाटेवरून मनोरा दिसतो, पण डाव्या खांद्यावर, दोन घरांच्या फटीतून, क्षणभर. बाईंना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे कुठल्या रकान्यात लिहू?” त्यात चेष्टा नव्हती. आदेशाच्या परिशिष्टात नकाशावरचे आकडे, दिशा, रुंदी, पृष्ठभाग एवढंच मावतं. वाट कशाकडे बघते हे मावत नाही.

एप्रिलमध्ये आदेश निघाला. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात आली, आणि वाटेच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पाकिटातली नोटीस लागली. हरकतीला 28 दिवस. माझ्या लेखी या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. चिखलात उभ्या खांबावर एक कागद लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, चालेल का? हरकत आली आणि मागे घेतली गेली नाही, तर कौन्सिलला स्वतः आदेश कायम करता येत नाही. कागद सरकारच्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे जातात, प्रसंगी जाहीर चौकशी बसते. आमच्याकडे एकच हरकत आली, बाईंनी घरी जाऊन बोलल्यावर ती मागे घेतली गेली. त्या वेळी माझी शेजारीण मला म्हणाली, “मला तर नवीनच बरी.” तिचं वय ब्याऐंशी. जुन्या वाटेवरच्या दोन स्टाइल तिला चढवत नव्हत्या, त्यामुळे ती वाट तिच्यापुरती कधीच बंद झाली होती. नव्या वाटेवर पायरी नाही, बारीक खडी दाबून बसवलेली आहे, तिची चाकांची काठी सरळ जाते. मनोऱ्याचं काय, असं मी तिला विचारलं नाही.

आदेश कायम झाला. नवी वाट बांधून झाल्यावर बाई मोजायचं चाक घेऊन आल्या. एका ठिकाणी रुंदी दोन मीटर ऐंशी भरली. फोरमन म्हणाला, वीस सेंटिमीटरचं काय एवढं! बाई काही न बोलता तिथेच उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने फावडं मागवलं. पुढच्या आठवड्यात वाट नीट झाल्याच्या दाखल्यावर सही झाली, जुनी वाट कायद्याने संपली. खांबावरचा पिवळा बाण काढायला स्क्रू गंजून फिरेना, शेवटी पक्कड लावून ओढून काढला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. 33 नंबरमध्ये एक तरुण कुटुंब राहतं, त्यांनी खिडकीखाली लॅव्हेंडर लावलंय. गेल्या महिन्यात त्या घरासमोर एक माणूस पाठीवर पिशवी, गळ्यात नकाशाचं पाकीट, असा घुटमळताना दिसला. नकाशा जुना, घड्यांवर झिजलेला, पण त्यावरचे हिरवे तुटक ठिपके स्पष्ट होते. त्याने एकदा ठिपक्यांवर बोट ठेवलं, एकदा समोरच्या दाराकडे पाहिलं. आतून कुकरची नव्हे, पण कसली तरी शिट्टी ऐकू येत होती. मी त्याला तळ्याकडून वळायला सांगितलं. तो आभार मानून निघाला, आणि मग थांबून त्याने विचारलं, “चर्च नक्की याच बाजूला ना?”