नळी निघाली, तरी दम का लागतो?

मण्यार चावली की माणसाचे स्नायू लुळे पडतात. छातीचा भाताही बंद पडतो. कीटकनाशक पोटात गेले किंवा डोक्याला मोठा मार बसला, तरी श्वास थांबू शकतो. मग डॉक्टर तोंडातून श्वासनळीत एक नळी घालतात आणि यंत्राने श्वास देतात. या नळीने माणूस वाचतो. घरच्यांनी ती घालायला अडवू नये.

पण काही जणांना घरी आल्यावर त्रास सुरू होतो. तो कसा, ते बघा.

आपली श्वासनळी चार-साडेचार इंच लांब असते. कानाचा वरचा भाग दाबून पाहा. कडक, पण वाकतो. तिला म्हणतात कूर्चा. अशाच कूर्चेच्या कड्या श्वासनळीला उघडी ठेवतात. डॉक्टर जी नळी घालतात, तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. वारा बाजूने निसटू नये म्हणून तो फुगवतात. तो जास्त फुगला, तर आतल्या अस्तराला रक्त मिळत नाही. तिथे जखम होते. भाजलेली जागा भरताना कातडी आवळते ना, तसेच आत होते. वाट अरुंद होते. अमेरिकेतील कूपर आणि ग्रिलो या डॉक्टरांनी १९६९ साली हे दाखवून दिले. पुढे मऊ फुगे आले. त्रास कमी झाला, पण संपला नाही.

नळी काढल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्या-दोन महिन्यांनी, चालताना दम लागतो. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. लोक म्हणतात, दमा झाला. दम्याची औषधे सुरू होतात. गुण येत नाही. येणार कसा? दम्यात छातीतल्या बारीक नळ्या आवळतात. इथे मुख्य नळीच आवळलेली! म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे, "मला यंत्रावर ठेवले होते." दवाखान्यातून सोडतानाचा कागद जपावा आणि दाखवावा. स्वस्थ बसूनही आवाज येत असेल, तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे.

तिथे घशातून दुर्बीण घालून पाहतात. व्रण लहान असेल, तर फुगा घालून वाट रुंद करतात, नाही तर लेसर किरणांनी तो कापतात. हा व्रण हट्टी असतो, पुन्हा आवळू शकतो. तेव्हा शस्त्रक्रिया करतात. खराब तुकडा कापून काढतात आणि दोन्ही टोके शिवतात. एखादा इंच गेला, तरी टोके जुळतात. मान वर केली तर जोड ताणेल, म्हणून पुष्कळ डॉक्टर हनुवटी छातीच्या कातडीला टाक्यांनी बांधून ठेवतात. हे पाहून नातलग घाबरतात. घाबरू नये, आणि दोऱ्याला हात लावू नये. साधारण आठवड्याने डॉक्टरच तो काढतात.