मृगाचा पाऊस आणि ईशग्रंथांतील तारे

जून उजाडला की पारनेर तालुक्यात ‘मृग लागला’ हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी येतात. राळेगणसिद्धीसारख्या पर्जन्यछायेतल्या गावात पेरणीचा हिशेब रोहिणी, मृग, आर्द्रा या नावांनीच मांडतात. हिंदू शेतकरी हे शब्द वापरतो, तसा मुसलमान शेतकरीही वापरतो. पण ही नावे ताऱ्यांची आहेत, म्हणून हे सगळे ताऱ्यांचे पूजक आहेत, असे कोणी म्हटले तर आपल्याला हसू येईल. हाच तर्क धर्मग्रंथांना लावला जातो, तेव्हा मात्र आपली शिकलेली मुलेही गोंधळतात.

बायबलमधील शब्द ईश्वराकडून आलेले नाहीत, ती प्राचीन लोकांच्या आकाशनिरीक्षणातून जन्मलेली रूपके आहेत, असे मत युरोपात फार पूर्वीपासून मांडले जाते. फ्रान्सच्या शार्ल द्युपुई यांनी १७९५ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून सर्व धर्मांचे मूळ सूर्य आणि राशींमध्ये शोधले. बारा शिष्य म्हणजे बारा राशी, बारा पुत्र म्हणजेही राशीच, अशी ही जुळवाजुळव आहे. आज तीच मोबाइलवरून घराघरांत पोहोचते.

हा ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न आहे, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही. तौरात, जबूर आणि इंजील अल्लाहकडून अवतरले, ही आपल्याही श्रद्धेची बाब आहे. मूळ संदेशात पुढे माणसांचा हात फिरला, असेही आपण मानतो. पण हजरत याकूब, हजरत यूसुफ आणि हजरत ईसा (अ.) हे आपलेही प्रेषित आहेत. आज याकूब (अ.) यांचे पुत्र राशी ठरले, तर उद्या सूरह यूसुफमधील अकरा ताऱ्यांच्या स्वप्नाविषयीही हाच प्रश्न येणार.

खरे ते मान्य करावे

बायबलमध्ये आकाशाची भाषा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ईयोब, म्हणजे आपले हजरत अय्यूब (अ.), यांच्या नावाच्या पुस्तकात आणि आमोसच्या पुस्तकात तारकापुंजांची नावे येतात. मराठी बायबलमध्ये तिथे कृत्तिका आणि मृगशीर्ष हे आपल्या ओळखीचे शब्द आहेत. अहमदनगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत बायबल मराठीतून वाचले गेले.

यहुदी महिन्यांची नावे बाबिलोनहून आली. त्यांतला तम्मूज हा महिना तर तिथल्या एका देवाच्या नावाचा. पॅलेस्टाईनच्या भूमीवरील बेथ अल्फा येथे सहाव्या शतकातील एका यहुदी प्रार्थनागृहाची फरशी सापडली आहे. तिच्यावर मधोमध सूर्याचा रथ आणि भोवती बारा राशी आहेत. म्हणजे खगोलाचा प्रभाव भाषेवर होता, कलेवरही होता.

शब्द कुठला आणि संदेश कोणता?

पण शब्द कुठून आला आणि त्या शब्दाने काय सांगितले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ईयोबच्या पुस्तकात ईश्वर माणसाला विचारतो की, हे तारे बांधणे किंवा सोडणे तुझ्या हातात आहे काय? म्हणजे तारे हुकुमाचे ताबेदार आहेत, हुकूम देणारा दुसराच आहे. अनुवाद या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांपुढे झुकण्याची स्पष्ट मनाई आहे.

कुरआनातही हेच दिसते. सूरह अन्आममध्ये हजरत इब्राहीम (अ.) तारा, चंद्र आणि सूर्य मावळताना दाखवून, जे मावळते ते उपास्य नव्हे, हे आपल्या लोकांपुढे मांडतात. सूरह नज्ममध्ये शिअरा, म्हणजे व्याध, या ताऱ्याचे नाव येते. काही अरब त्याला पूजत असत. अल्लाह त्याचाही पालनकर्ता आहे, हे सांगण्यासाठी ते नाव आले आहे. नाव आकाशातले, संदेश मात्र तारापूजेच्या नेमका उलट!

आकड्यांच्या जुळणीचे म्हणाल, तर तिचे उत्तर फ्रान्समध्येच मिळाले. १८२७ मध्ये जां-बाप्तिस्त पेरेस यांनी एक उपहासपुस्तिका लिहिली. द्युपुईंचीच पद्धत वापरून त्यांनी नेपोलियन कधी झालाच नाही, तो म्हणजे सूर्य, त्याचे चार भाऊ म्हणजे चार ऋतू आणि बारा सरदार म्हणजे बारा राशी, असे ‘सिद्ध’ केले. नेपोलियनला जाऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती!

इंग्रजीत ‘सन’ म्हणजे सूर्य आणि ‘सन’ म्हणजे पुत्र, हा पुरावाही असाच. अरबीत ‘शम्स’ आणि ‘इब्न’ यांचा उच्चार जुळत नाही, हिब्रूतही सूर्य आणि पुत्र यांचे शब्द अगदी वेगळे आहेत.

आपल्या महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ या ग्रंथात मृगशीर्षाच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ काढला. तो काळ किती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण अशा गणिताची मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. ताऱ्यांच्या उल्लेखावरून वचन केव्हाचे, याचा अंदाज करता येतो. ते कोणाकडून आले, हे त्यातून ठरत नाही. खगोलाचे गणित वही सिद्ध करत नाही आणि खोडूनही काढत नाही. म्हणून विज्ञानाने कुरआन ‘सिद्ध’ झाला, असे घाईने सांगणाऱ्या आपल्या वक्त्यांनीही जरा जपून बोलावे, असे आम्हाला वाटते.

हुदैबियाची ती पहाट

हुदैबिया येथे रात्री पाऊस पडला. फज्रच्या नमाजनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना अल्लाहचे म्हणणे सांगितले. ज्याने अल्लाहच्या कृपेने पाऊस पडला असे म्हटले, त्याने अल्लाहवर श्रद्धा ठेवली. ज्याने अमुक ताऱ्यामुळे पडला असे म्हटले, त्याने ताऱ्यावर ठेवली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. इमाम शाफई यांनी तिचा खुलासा केला आहे. ताऱ्याने पाऊस पाडला असे म्हणणे वेगळे, आणि अमुक ताऱ्याच्या काळात पाऊस पडला असे म्हणणे वेगळे. दुसऱ्यात दोष नाही.

म्हणून ‘मृगाचा पाऊस’ म्हणायला आपल्या शेतकऱ्याने कचरू नये. त्यात दिवसांचा हिशेब आहे, श्रद्धा नव्हे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने राळेगणसिद्धीत पाणलोटाची कामे झाली. तिथेही नक्षत्रांची नावे कोणी टाकून दिली नाहीत; पण नक्षत्रावर हवाला ठेवून कोणी बसलेही नाही. बांध घातले, पाणी अडवले आणि ते जमिनीत मुरवले.

मुलांनी असा प्रश्न विचारला, तर रागावून त्यांना गप्प करू नका. त्यांच्यासोबत ते वचन उघडा, मागचे-पुढचे वाचा आणि विचारा: इथे ताऱ्यापुढे झुकायला सांगितले आहे, की ताऱ्याच्या निर्मात्यापुढे? उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल, इन्शाअल्लाह.