गाडीचं सॉफ्टवेअर रस्त्याआधी कुठे धावतं?

परवा भाच्याने विचारलं, "मामा, तू गाड्यांचं सॉफ्टवेअर करतोस म्हणजे दिवसभर कोड लिहितोस ना?"

हाताने कोड फार कमी लिहितो. आम्ही मॉडेल बनवतो.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, घ्या. गाडी ताशी 100 किलोमीटरने जातेय आणि ब्रेक दाबल्यावर चाक 80 च्याच वेगाने फिरतंय, म्हणजे 20 टक्के स्लिप. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण 10 ते 20 टक्क्यांना पकड सर्वांत चांगली. चाक पूर्ण लॉक झालं, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

हा हिशेब सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक जोडून मांडायचा. सोबत वजन, टायर, रस्ता यांचंही मॉडेल. दोन्ही एकत्र चालवून पटलं, की एबीएसच्या मॉडेलमधूनच सी कोड आपोआप तयार होतो.

माझा सगळ्यात आवडता टप्पा 'हिल' (हार्डवेअर-इन-द-लूप) बेंच! टेबलावर खरा ईसीयू (गाडीतला कंट्रोल युनिट), पण त्याला मिळणारे सिग्नल सिम्युलेटरचे. पुण्यात बसून आम्ही त्याला बर्फाळ रस्त्यावर पळवतो. ऐन ब्रेकिंगमध्ये चाकाच्या स्पीड सेन्सरचा सिग्नल तोडतो. डॅशबोर्डवर दिवा लागलाच पाहिजे आणि साधा ब्रेक चालू राहिलाच पाहिजे. खऱ्या रस्त्यावर हे पुन्हा पुन्हा करायला कोण धजेल?

मात्र मॉडेल चुकलं तर कोडही चुकीचाच निघतो. म्हणून आयएसओ 26262 (पहिली आवृत्ती 2011) नुसार सुरक्षेच्या प्रत्येक अपेक्षेपासून तिच्या चाचणीपर्यंतचा माग दाखवावा लागतो. काम किचकट आहे, पण टाळू नये असंच.

मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलच्या मुलांनो, या क्षेत्रात तुमची खरंच गरज आहे. काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.