वाळवंटी डोंगरातला जांभळा खडा

सराफाच्या पेढीवर जांभळा खडा दिसला की आपण भाव विचारतो, फार तर 'मला लाभेल का?' असं विचारतो. तो आला कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. इंग्रजीत त्याला ॲमेथिस्ट म्हणतात, आपले जव्हेरी कटेला किंवा जमुनिया म्हणतात. खरं सांगायचं तर ही नुसती रंगीत गारगोटी आहे. मग तिला एवढं मोल का? ते समजायला मी तुम्हाला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात घेऊन जाणार आहे.

फिनिक्स हे तिथलं वाळवंटातलं मोठं शहर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. शहराच्या पूर्वेला क्षितिजावर चार सुळके दिसतात. त्यांना 'फोर पीक्स' असंच म्हणतात. सर्वांत उंच सुळका ७,६५७ फुटांचा. खाली निवडुंगाचं रान आणि वर हिवाळ्यात चक्क बर्फ! याच सुळक्यांजवळ, सुमारे साडेसहा हजार फुटांवर कटेल्याची एक लहानशी खाण आहे. भोवतालचं रान १९८४ पासून संरक्षित असल्यानं वरपर्यंत रस्ता नाही. माणसं डोंगर चढून जातात किंवा हेलिकॉप्टरनं उतरतात. पाणी, शिधा, हत्यारं सगळं वर न्यायचं आणि निघालेला दगड खाली आणायचा.

हा खडा तिथं तयार कसा झाला? वाळूचा कण ज्याचा बनतो, त्याच सिलिकाची गारगोटी बनते. इथला डोंगर दीडशे कोटी वर्षांहून जुना, वाळूचाच दगड दाबानं आणि उष्णतेनं घट्ट होऊन बनलेला. त्याला भेगा पडल्या. भेगांतून सिलिका विरघळलेलं गरम पाणी फिरलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. त्यांच्यात लोखंडाचा अगदी सूक्ष्म अंश शिरला. तरीही खडा जांभळा झाला नव्हता, बरं का! आजूबाजूच्या खडकात पोटॅशियमसारख्या मूलद्रव्यांचा मंद किरणोत्सार चालू असतो. तो दीर्घकाळ लागत राहिला, तेव्हा लोखंडाच्या अणूंची स्थिती बदलली. असे अणू प्रकाशातला हिरवा-पिवळा भाग शोषून घेतात, आणि आपल्याला जांभळा रंग दिसतो.

हा रंग जितका सावकाश चढतो, तितका लवकर उतरूही शकतो. खडा चार-पाचशे अंशांपर्यंत तापवला तर बहुधा पिवळा पडतो. पुष्कराजाला पर्याय म्हणून जो सुनेला घेतला जातो, त्यातला बराचसा असा भट्टीतून निघालेला कटेलाच असतो. कडक उन्हात दीर्घकाळ राहिलेला कटेलाही फिका पडू शकतो. म्हणून ही अंगठी उन्हात ठेवू नये.

आता खोदकाम पाहू. सोन्याच्या खाणीसारखा इथं सगळा डोंगर फोडून उपयोग नाही. सुरुंगाचा हादरा बसला की स्फटिकाला आत बारीक तडे जातात, आणि तडा गेलेला खडा पैलू पाडताना फुटतो. म्हणून काम मुख्यतः हाताच्या हत्यारांनी चालतं. खाणकामगार भेगेचा माग काढतो. लोखंडानं तांबडी झालेली माती आणि गारगोटीची शीर दिसली की त्याचा हात हळू होतो. पोकळी लागली की छिन्नी-हातोडा जपून चालवायचा, माती थोडी थोडी काढायची, स्फटिक सुटा करायचा. नंतर धुऊन, उजेडासमोर धरून, तडकलेला आणि फिका भाग ठोकून काढून टाकायचा. पैलू पाडण्याजोगा भाग थोडाच उरतो. त्यातल्या उत्तम खड्यांत जांभळ्या रंगात तांबूस झाक मारते, आणि तीच या खाणीची ओळख आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्राझील आणि उरुग्वेत प्रचंड साठे सापडले. तोवर कटेला मौल्यवान रत्नांत मोडत असे. मग त्याचा भाव उतरला. असं असूनही फोर पीक्सची छोटी खाण आपल्या रंगावर आणि हातांच्या कामावर टिकून आहे.

ब्राझील-उरुग्वेचा कटेला लाव्हाच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत मिळतो. तसाच काळा बेसाल्ट आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून दख्खनचं पठार घडलं. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढं स्फटिक वाढले. जालना, छत्रपती संभाजीनगर, जळगाव या भागांत विहिरी खणताना आणि खाणींत झिओलाइटचे सुंदर स्फटिक निघाले आहेत, कुठं कुठं कटेलाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे वैभव बघायला मिळतं.

पण आपल्याकडचं खोदकाम पाण्यासाठी किंवा खडीसाठी असतं. सुरुंग उडतो, दगड क्रशरमध्ये जातो आणि लक्षावधी वर्षांचे स्फटिक रस्त्याच्या खडीत मिसळतात. खडी हवीच, विहीर तर हवीच हवी. माझं म्हणणं एवढंच की दगडात चमकणारी पोकळी दिसली तर घण घालण्याआधी क्षणभर थांबावं, जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावं. धान्य दरसाल पिकतं. पोकळीतलं हे पीक एकदाच येतं, आणि तेही आपल्या हयातीत नव्हे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)