छोट्या विमानांचं आकाश – भाग ६ : क्षितिज हरवलं की

मागच्या भागात ढग पाहिले. पण छोट्या विमानाचा घात व्हायला ढग लागतोच असं नाही. वर धुरकट हवा आणि खाली काळं पाणी, एवढंही पुरतं.

१६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आपलं छोटं पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाले. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन. जायचं होतं मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आणि तिथून हायनिसला. ना वादळ होतं, ना पाऊस. अमेरिकेत नजरेच्या भरवशावर उडायला साधारणपणे किमान ३ मैलांची दृश्यता लागते. त्या नियमात हे उड्डाण बसत होतं. कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरचे दिवे सोबतीला होते तोवर सगळं ठीक चाललं. पुढे खुला समुद्र लागला. त्या रात्री त्या भागात उडालेल्या इतर वैमानिकांनीही नंतर सांगितलं, की पाण्यावर क्षितिज दिसतच नव्हतं. नियम मैल मोजतो. क्षितिज दिसतंय का, हे तो विचारत नाही. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

हवेत आपला तोल मुख्यतः डोळे सांभाळतात. कान मदतीला असतो, पण एकट्याने तो फसतो. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव हलला की आपण वळतोय असं मेंदूला कळतं. पण वळण अगदी सावकाश सुरू झालं तर ते जाणवतच नाही आणि एकाच वेगाने वळत राहिलं, तर काही सेकंदांत द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो. मग कान सांगतो, ‘आपण सरळ चाललोय.’ फुगडी थांबल्यावरही जग फिरत राहतं, ते याच द्रवामुळे.

प्रत्यक्षात विमान कललेलं असतं, नाक खाली जातं, उंची घटते. पंख सपाट आहेत अशा समजुतीत असलेला वैमानिक नियंत्रणाचा दांडा मागे ओढतो. कललेल्या विमानात त्याने उंची वाढत नाही, उलट वळण आवळत जातं. केनेडींच्या विमानाच्या रडार नोंदींत शेवटी हेच दिसतं: उजवं वळण आणि मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने घसरण. तिघेही गेले. केनेडींचं उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण सुरू होतं, परवाना मिळायचा होता. विमानात ऑटोपायलटही होता, तरीही हे घडलं.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने याचा प्रयोगच केला. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू दिलं नाही. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. अर्थात, शेजारी प्रशिक्षक होता म्हणून ते सुखरूप उतरले.

प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. त्याच २० जणांना एक साधी कृती शिकवली: वेग कमी करा, विमान त्या वेगाला ‘ट्रिम’ करा, म्हणजे दांडा न धरताही तो वेग टिकेल असं बसवा, दांड्यावरचे हात काढा आणि वळणदर्शकावर नजर ठेवून फक्त पायांनी, म्हणजे रडरने, १८० अंश वळून आल्या वाटेने परत फिरा. थोड्या सरावानंतर त्यांना ते जमू लागलं. घाबरलेल्या माणसाचे हात दांडा घट्ट धरतात आणि सगळा बिघाड त्या हातांतून होतो.

पुढच्या आठवड्यात : कार्ब्युरेटरमध्ये धरणारा बर्फ, तोही बाहेर २० अंश तापमान असताना.