आजाऱ्याच्या उशाशी आलेला खाऊ

आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पूर्वी पिशवीत मोसंबी, शहाळे, फार तर बिस्किटांचा पुडा असे. आता त्याच पिशवीतून दुधात घालायच्या पावडरीची बरणी किंवा चॉकलेटचा रंगीत खोका निघतो. वळसंग हे सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथे दवाखाना चालविताना हा बदल मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ज्यांच्या उशाशी ही भेट ठेवली जाते, त्यांच्यापैकी अनेकांना मधुमेह असतो. देणाऱ्याच्या मनात माया असते, घेणाऱ्याला ती नाकारवत नाही, आणि सेवा करणारी सून किंवा मुलगी मधल्या मध्ये अडकते.

हा बदल आपोआप घडलेला नाही. त्यामागे एका मोठ्या कंपनीने पाऊणशे वर्षे धीराने राबविलेले व्यापारी धोरण आहे. वाचकहो, ते आपण समजून घ्यावे, असे मला वाटते. कोणावर रागावण्यासाठी नव्हे. आपल्या घरात गोड पदार्थ कोणत्या वाटेने येतो हे कळले, तर पथ्य पाळणे सोपे जाते म्हणून.

लहान मुलांच्या खाऊपासून सणाच्या ताटापर्यंत

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे 1824 मध्ये जॉन कॅडबरी यांनी चहा, कॉफी आणि पिण्याचे चॉकलेट विकणारे दुकान उघडले. तिथून वाढलेली ही कंपनी 1948 मध्ये भारतात आली. प्रथम चॉकलेट आयात करून विकले जाई. पुढे ठाणे आणि पुणे जिल्ह्यातील इंदुरी येथे कारखाने उभे राहिले. 2010 मध्ये अमेरिकेतील क्राफ्ट या कंपनीने कॅडबरी विकत घेतली, 2012 मध्ये क्राफ्टचे विभाजन होऊन मोंडेलीझ ही कंपनी झाली, आणि 2014 मध्ये भारतातील कॅडबरीचेही नाव मोंडेलीझ झाले. मालक बदलले, तरी वेष्टनावरचे ‘कॅडबरी’ हे नाव मात्र कोणी बदलले नाही. विश्वास त्या नावावर होता.

आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल, की आपल्या बालपणी चॉकलेट हा परीक्षेत पास झाल्यावर किंवा मुंबईचे पाहुणे आल्यावर मिळणारा खाऊ होता. तो केवळ मुलांचा होता. व्यापाराच्या दृष्टीने ही मोठी मर्यादा होती, कारण घरातली मोठी माणसे त्याला हात लावीत नसत. 1994 च्या सुमारास क्रिकेटच्या मैदानावर आनंदाने नाचत धावणाऱ्या तरुणीची जाहिरात दूरदर्शन संचांवर झळकली. मोठ्यांनीही चॉकलेट खावे, त्यात संकोच कसला, हा तिचा अर्थ होता. पुढचे पाऊल अधिक दूरदृष्टीचे होते. ‘कुछ मीठा हो जाए’ या शब्दांनी कंपनीने थेट मिठाईच्या जागेवर हक्क सांगितला. शुभकार्याच्या आधी तोंड गोड करावे, भाऊबीज-राखीला काही गोड द्यावे, ही आपली परंपरा. कंपनीने परंपरा बदलली नाही, तिच्यातला पदार्थ बदलला. पेढ्याच्या खोक्याची जागा चॉकलेटच्या खोक्याने घेतली ती अशी.

महाराष्ट्रातील कसोटी

2003 च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईतील काही दुकानांतल्या डेअरी मिल्कच्या वड्यांमध्ये किडे आढळले आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. दुकानांतील साठवणूक नीट नसल्याने हे घडले, असे कंपनीचे म्हणणे होते. विक्रीला मोठा फटका बसला. त्यानंतर कंपनीने जे केले, ते व्यापारशिक्षणात आजही उदाहरण म्हणून सांगितले जाते. 2004 च्या आरंभी अधिक बंदिस्त असे दुहेरी वेष्टन आले, दुकानदारांना साठवणुकीचे धडे दिले गेले, आणि लोकांचा विश्वास परत मिळविण्यासाठी अमिताभ बच्चन पडद्यावर आले. ग्राहक परतले.

कंपनीने दोष दूर केला, ही गोष्ट चांगलीच. पण वैद्यकाच्या नजरेने पाहता त्यात एक बोध आहे. नवे वेष्टन किड्यांना आत येऊ देत नव्हते. आतली साखर तेवढीच होती. दुधाच्या साध्या चॉकलेटच्या वजनात साधारण निम्मा भाग साखरेचा असतो. पदार्थ स्वच्छ असणे आणि तो आपल्या प्रकृतीला मानवणारा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाणे आणि शीतकपाट

चॉकलेट 33-34 अंशांच्या आसपास वितळू लागते. आपल्या सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. मग वर्षातले कित्येक महिने येथे चॉकलेट विकायचे कसे? कंपनीने दुकानदारांना काचेच्या दाराची छोटी शीतकपाटे पुरविली. दुसरी अडचण किमतीची होती. तिच्यावर पाच आणि दहा रुपयांच्या छोट्या वड्यांचा उपाय निघाला. हातात एक नाणे असले, की खरेदी होते. घरात कोणाला विचारावे लागत नाही.

ज्येष्ठांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. मिठाईचा खोका घरात आला, तर सर्वांना दिसतो. नातवासाठी म्हणून घेतलेली आणि बंडीच्या खिशात राहिलेली पाच रुपयांची वडी कोणाच्या हिशेबात येत नाही. साखर का वाढली, याचा शोध घेताना घरातले लोक भात आणि भाकरीवर संशय घेतात. खिशातली वडी सुटून जाते. सेवा करणाऱ्यांनी झडती घेऊ नये, त्याने मन दुखावते. प्रेमाने विचारावे आणि ती वडीही दिवसाच्या हिशेबात धरावी.

ताकदीची बरणी

मला अधिक काळजी वाटते ती पावडरीची. बोर्नव्हिटा हे याच कंपनीचे उत्पादन 1948 पासून आपल्याकडे आहे. 1972 पासून रेडिओवर आणि पुढे दूरचित्रवाणीवर चाललेल्या प्रश्नमंजूषेमुळे त्याचे नाव बुद्धी आणि शक्ती यांच्याशी जोडले गेले. ‘ताकद येते’ हा समज इतका दृढ झाला, की तापातून उठलेल्या आजोबांनाही तेच दिले जाऊ लागले.

एप्रिल 2023 मध्ये समाजमाध्यमांवरील एका तरुणाने त्यातील साखरेवर बोट ठेवणारी चित्रफीत प्रसारित केली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने ती मागे घेतली. पण राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस, 100 ग्रॅम पावडरीतील घातलेली साखर 37.4 ग्रॅमवरून 32.2 ग्रॅमवर आणली गेली. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळविले, की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नयेत. कारण अन्नसुरक्षा कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही.

आता आपण घरचा हिशेब करू. 20 ग्रॅम पावडरीत सुमारे साडेसहा ग्रॅम साखर झाली. त्यावर सवयीने एक चमचा साखर घातली, की आणखी 5 ग्रॅम. दिवसातून दोन पेले घेतले, तर 23 ग्रॅम. दररोज 2000 कॅलरी घेणाऱ्या प्रौढाने घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. वृद्धांचा आहार बहुधा याहून कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी. म्हणजे चहाचा एक घोट घेण्याआधीच ती गाठली जाते. शिवाय मॉल्टही रक्तातील साखर वाढवितो. आणि पेल्यातली बरीचशी प्रथिने तर दुधातूनच आलेली असतात. ती साध्या दुधातही मिळतात.

मग करावे काय?

प्रथम, बरणी उलटी करून मागची बाजू वाचावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर पुढची जीवनसत्त्वे वाचून भुलू नये. अक्षरे बारीक असतात. नातवंडांकडून वाचून घ्यावीत. त्यांचाही अभ्यास होतो.

दुसरे, अशक्तपणावर आपल्या स्वयंपाकघरात उपाय आहेत. बिनसाखरेचे दूध, ताजे दही, मुगाचे कढण, अंडे, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची मऊ भाकरी यांनी अंगात बळ येते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तिसरे, सगळा दोष परदेशी कंपनीवर ढकलू नये. आपली हुग्गी, पुरणपोळी आणि ‘गुळाने काही होत नाही’ हा समज, यांचाही वाटा आहे. मधुमेहाला गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही.

चौथे, आणि हे नीट ध्यानात ठेवावे. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी एकाएकी उतरते. घाम, थरथर, विसंगत बोलणे ही लक्षणे दिसली, तर चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, गरज पडल्यास तेवढेच पुन्हा द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

शेवटी एक विनंती. ज्येष्ठांच्या आयुष्यातून गोडवा हद्दपार करावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. साखर आटोक्यात असलेल्या आजींनी नातवाच्या वाढदिवसाला जेवणानंतर चॉकलेटचा एक छोटा तुकडा खाल्ला, तर बिघडत नाही. मात्र तो दिवस आणि तो तुकडा घरातल्यांनी मिळून ठरवलेला असावा. कंपनी आपला माल कोणाच्या हाती, कोणत्या प्रसंगी आणि किती रुपयांत पडावा, याचा विचार वर्षानुवर्षे करते. आपणही आज संध्याकाळी घरातल्या सर्वांना जवळ बसवून तेवढाच विचार करावा, आणि जे ठरेल ते औषधांच्या वेळापत्रकाशेजारी लिहून लावावे.