ॲरे-आधारित यादी

ॲरे-आधारित यादी म्हणजे स्वतंत्र साठवण न करता आधीच अस्तित्वात असलेल्या ॲरेतील घटकांवर उभी असलेली यादी होय. जावा या संगणकीय भाषेत 'ॲरेज' वर्गातील 'ॲझलिस्ट' ही पद्धत अशी यादी देते. ही सोय १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या जावा १.२ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

स्वरूप

ॲरे म्हणजे ठरावीक संख्येच्या कप्प्यांची ओळ. ही संख्या ॲरे तयार होतानाच निश्चित होते व नंतर बदलत नाही. 'ॲझलिस्ट' नवे कप्पे निर्माण करीत नाही. तिने दिलेली यादी जुनेच कप्पे वापरते. त्यामुळे घटकांची नक्कल करण्याचा वेळ व जागा वाचते. परंतु काही अनपेक्षित परिणामही संभवतात.

उदाहरण

१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा बृहन्मुंबई वगळता कोकणात ठाणे, कुलाबा व रत्नागिरी हे जिल्हे होते. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १९६०ची तीन नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे या क्रमाने एका ॲरेत ठेवली आणि १९८१ची यादी करण्यासाठी 'ॲझलिस्ट' वापरली, तर पुढील परिणाम दिसतात:

• बदल: यादीत 'कुलाबा'च्या जागी 'रायगड' लिहिताच मूळ ॲरेतील नावही बदलते. १९६०च्या नोंदीत तेव्हा प्रचारात नसलेले जिल्ह्याचे नाव येते आणि जुने नाव नष्ट होते.
• भर: 'सिंधुदुर्ग' जोडू पाहिल्यास चौथा कप्पा नसल्याने प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो. घटक काढतानाही असेच घडते.
• क्रम: यादी वर्णानुक्रमे लावल्यास रत्नागिरी हे नाव रायगडच्या आधी येते व मूळ ॲरेतील भौगोलिक क्रमही मोडतो.

यांपैकी त्रुटी दाखवणारा परिणाम तत्काळ लक्षात येतो. उरलेले दोन मात्र कोणतीही सूचना न देता घडतात. म्हणून ते अधिक घातक ठरतात.

उपाय

मूळ नोंद जपायची असल्यास यादीतील घटक नव्या 'ॲरेलिस्ट'मध्ये उतरवून घ्यावेत. या प्रतीत भर घालता येते आणि तिच्यातील नावे बदलल्याने मूळ ॲरे बदलत नाही. 'कलेक्शन्स' वर्गातील 'अनमॉडिफायेबललिस्ट' हा उपाय अपुरा आहे. त्यामुळे यादीमार्फत होणारे बदल रोखले जातात. परंतु थेट ॲरेत केलेला बदल यादीत उमटतोच.

प्रत घेतानाही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. घटक स्वतःच बदलता येण्याजोगी ऑब्जेक्ट्स असतील, तर मूळ ॲरे व प्रत दोन्हींत तीच ऑब्जेक्ट्स राहतात. नावांसारख्या अक्षरमालिका जावात अपरिवर्तनीय असल्याने त्यांना हा धोका नसतो.